पदकं खरी असतील हो, पण त्याच माणसाची आहेत का?

पत्र (थोडं छाटलंय): "मी मूळचा साताऱ्याचा, गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमजवळ. लॉकडाऊनपासून युद्धातल्या मेडल्सचा नाद लागलाय, त्यातही जे लोक स्वतःहून दुसऱ्याच देशाच्या हवाई दलात गेले त्यांची. मार्चमध्ये ऑनलाइन एक सेट घेतला, ६४० पौंड. ईगल स्क्वॉड्रनच्या (ब्रिटिश हवाई दलातल्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या तुकडीच्या) अमेरिकन पायलटचा आहे, १९४१ ला कॅनडामार्गे आला, १२१ स्क्वॉड्रनमध्ये होता असं विकणाऱ्यानं लिहिलेलं. त्यात १९३९-४५ स्टार, त्याच्या रिबनवर बॅटल ऑफ ब्रिटनची धातूची पट्टी, एअर क्रू युरोप स्टार, वॉर मेडल आणि एक कापडी बिल्ला. नाव कशावरच नाही. आई इथे आली होती, मी ऑफिसला गेल्यावर तिनं चिंच लावून सगळं लखलखीत करून ठेवलं. आता विकणारा म्हणतो त्याच पायलटचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवहीपण आहे, ४०० पौंड वेगळे. आणि वर परवा टेक्सासहून एका बाईंचा मेल, मी फोटो टाकले होते ते बघून, की हा माझा मामा, मेडल्स आम्हाला द्या. बायको म्हणते देऊन टाक नाहीतर विकून टाक. काय करू?"

साताराकर, नमस्कार.

आधी आईंचं. काही बोलला असाल तर माफी मागून टाका. ते स्टार तांबं-जस्ताचे असतात म्हणजे आपल्या भाषेत पितळच की, आणि काळवंडलेलं पितळ दिसलं की चिंच लावायची हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. नशीब समजा पितांबरीची पुडी सोबत आणली नव्हती, पावडर म्हटली की बारीक ओरखडे आले. चिंचेनं फक्त वरचा जुना काळपटपणा गेलाय, तो हळूहळू परत येईल. पण आंबटपणा अक्षरांच्या फटीत राहिला तर तिथे हिरवं धरतं, म्हणून रिबन काढा, धातू डिस्टिल्ड पाण्यात दोनतीनदा धुवा, टिपा (घासू नका, टिपा) आणि रात्रभर कोरडं होऊ द्या. आणि ती पीव्हीसीची पारदर्शक पाकिटं असतात ना, त्यात ठेवत असाल तर आजच बाहेर काढा, चिंचेपेक्षा ती जास्त वाईट.

आता मुद्द्याचं, आणि हे तुम्हाला आवडणार नाही.

ती बॅटल ऑफ ब्रिटनची, म्हणजे १९४० ला ब्रिटनवरच्या आकाशात जर्मनांशी झालेल्या लढाईची पट्टी या माणसाची असूच शकत नाही. ही पट्टी मिळायची ती १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळात ठरलेल्या स्क्वॉड्रन्सपैकी एखाद्यातून निदान एक लढाऊ उड्डाण केलं असेल त्यालाच. सगळ्या देशांचे मिळून असे लोक तीन हजारसुद्धा नाहीत, आणि त्यातले अमेरिकन तर दोन हातांच्या बोटांवर मोजायचे. तुमचा पायलट, विकणाऱ्याच्याच शब्दांत, १९४१ ला आला. १२१ स्क्वॉड्रन मुळात उभंच राहिलं मे १९४१ मध्ये, कर्टन-इन-लिंडसीला. म्हणजे लढाई संपून सहा महिने झाल्यावर. अहो, तीन ईगल स्क्वॉड्रन्समधलं सगळ्यात पहिलं ७१, तेसुद्धा सप्टेंबर १९४० ला स्थापन झालं खरं पण लढाईच्या कामाला लागलं १९४१ उजाडल्यावर, तिसरं १३३ तर आणखी नंतरचं. ईगलवाले आणि बॅटल ऑफ ब्रिटनवाले दोन्ही असलेले अमेरिकन होते, नाही असं नाही. टोबिन, मामेडॉफ आणि कीओ हे तिघं आधी ६०९ स्क्वॉड्रनमधून लढले आणि मग ७१ मध्ये आले, पण ते तिघंही १९४१ संपायच्या आत मरण पावले आणि त्यांची नावं या छंदातल्या शेंबड्या पोराला पण पाठ असतात. त्यांचं काही ६४० पौंडांत ऑनलाइन पडून राहील का? तुम्हीच सांगा.

थोडक्यात, कुणीतरी पट्टी नंतर चढवलीय. तिचे टाके भिंगातून बघा. आणि नोटा तपासायचा तो जांभळा टॉर्च मिळतो ना, तो अंधारात रिबनवर मारा. रिबन किंवा टाक्याचा दोरा निळापांढरा चमकला तर तो युद्धानंतरचा, कारण ती चमक आणणारी रसायनं कापडात नंतर आली. पण यातून फक्त रिबनचं वय कळतं हं, मेडलचं नाही. रिबन लोक बदलतात, म्हाताऱ्या सैनिकांनी स्वतःच परेडसाठी बदललेल्या असतात, त्यामुळे चमकली म्हणजे सगळंच खोटं असं धरून बसू नका.

एअर क्रू युरोप स्टारची गोष्ट वेगळी. त्या सगळ्या स्टार्समध्ये हा कमी लोकांना मिळालेला, म्हणून नकलाही याच्याच जास्त. ब्रिटनमधल्या तळांवरून युरोपवर उडणाऱ्यांसाठी होता आणि ५ जून १९४४ ला, म्हणजे नॉर्मंडीच्या आदल्या दिवशी, त्याची मुदत संपते. तुमच्या माणसाला तो मिळू शकतो, तारखा जुळतात. ओळखायचं कसं, तर १९३९-४५ स्टार शेजारी ठेवा. तो लाखोंनी वाटला गेला, स्वस्त मिळतो, त्याची नक्कल करून कुणाचं पोट भरत नाही म्हणून तो बहुतेक वेळा खराच असतो, त्याला मापाचा दगड समजा. दहा पट भिंग घ्या आणि दोन्हींवरचा मुकुट आणि राजाची अक्षरं एकाआड एक बघा. खरा स्टार ठशानं दाबून काढलेला असतो, कडा धारदार. साच्यात ओतलेल्या नकलेत अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या झिजल्यागत गोल दिसतात आणि सपाट भागावर टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात. हे एकदा दिसलं की आयुष्यभर दिसतं. कापडी बिल्ल्याचं म्हणाल तर गरुड आणि ई.एस. अक्षरं असलेले ते बिल्ले पोत्यानं शिवले गेलेत, टॉर्च त्यावरही मारा आणि फार जीव लावू नका.

नाव नसण्याचं मात्र वाईट वाटून घेऊ नका. ब्रिटननं दुसऱ्या महायुद्धाचे स्टार आणि मेडल्स नाव न कोरताच वाटली. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेनं आपल्या लोकांची कोरली. पहिल्या महायुद्धात ब्रिटननंही कडेवर नाव, हुद्दा सगळं व्यवस्थित ठोकलेलं, म्हणून जुन्या बाजारात अजून आपल्याकडच्या शिपायांची नावं असलेली वॉर मेडल्स सापडतात आणि माणूस शोधता येतो. दुसऱ्या महायुद्धाचं डीएफसी (हवाई दलातल्या अधिकाऱ्यांचं शौर्यपदक) घेतलंत तरी त्याच्या मागे खालच्या दांड्यावर फक्त साल, नाव नाही, आणि डीएफएम मात्र, जे अधिकारी नसलेल्यांना द्यायचे, त्याच्या कडेवर नाव. असं विचित्र आहे ते. तर निनावी स्टार म्हणजे संशयास्पद नाही, निनावी स्टार म्हणजे नुसता स्टार. "अमुक पायलटचा" ही जी वाढीव किंमत तुम्ही दिलीत ती धातूची नाही, एका वाक्याची दिलीत, आणि ते वाक्य सिद्ध करणारा कागद तुम्हाला मिळालेला नाही.

माझी पण एक मूर्खपणाची गोष्ट सांगतो म्हणजे तुम्हाला एकटं वाटायला नको. बरीच वर्षं झाली, पॅरिसबाहेरच्या एका जुन्या बाजारात एका विक्रेत्यानं मला फ्रेंच क्र्वा द गेर, म्हणजे फ्रेंचांचं युद्धातल्या शौर्याचं क्रॉसच्या आकाराचं मेडल विकलं, हिरव्या रिबनवर बारीक लाल रेघा असतात ते, वर ताडपत्राची खूण. लाफायेत एस्काड्रीयमधल्या, म्हणजे पहिल्या महायुद्धात फ्रेंचांसाठी उडणाऱ्या अमेरिकनांपैकी एकाचं, १९१६ च्या उन्हाळ्यात व्हर्दनजवळ पडला त्याचं म्हणे. मी भारावून गेलो. हॉटेलवर येऊन रात्री उलटं करून बघितलं तर मागे १९१४-१९१८. या क्रॉसच्या मागे साल बदलत गेलेलं असतं, १९१४-१९१५, १९१४-१९१६, असं. १९१६ साली मेलेल्या माणसाच्या हयातीत मिळालेल्या क्रॉसवर १९१८ कसं येईल? दुसऱ्या दिवशी परत गेलो तर तिथे मोजे विकणारा बसला होता. तो क्रॉस अजून माझ्या टेबलावर आहे, खराच आहे तो, फक्त कुणाचा ते देवाला माहीत.

म्हणून लॉगबुकचं. तुम्ही ते ४०० पौंड जास्त म्हणून नाक मुरडलेलं दिसतंय, मी उलट म्हणेन की या सगळ्या सौद्यात खरी वस्तू असलीच तर ती वही आहे. मेडल लाखो, ती वही एक. पण घ्यायच्या आधी पाचसहा पानांचे फोटो मागा, ते पण तुम्ही सांगाल त्या महिन्यांचे, त्यानं निवडलेले नाहीत. सगळ्यात सोपा म्हणजे सप्टेंबर १९४२, कारण त्या महिन्याच्या २९ तारखेला डेबडेनला तिन्ही ईगल स्क्वॉड्रन्स अमेरिकन हवाई दलाकडे गेली आणि १२१ चं ३३५ झालं, म्हणजे त्या पानावर काहीतरी बदललेलं दिसायलाच पाहिजे. आरएएफच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या, पायलट लॉगबुकमध्ये महिन्याच्या शेवटी तासांची बेरीज असते आणि खाली फ्लाइट कमांडरची सही, रात्रीचं उड्डाण लाल शाईनं लिहायचे. महिन्यागणिक शाई, अक्षराचा मूड, सही करणारा बदलतो. सगळी पानं एकाच पेनानं एकाच बैठकीत लिहिल्यासारखी वाटली तर पुढे वाचूच नका.

आणि मग लंडनमधलं क्यू, जिथे ब्रिटिश सरकारची जुनी कागदपत्रं असतात. तुम्ही इंग्लंडमध्येच आहात ही केवढी सोय आहे कल्पना आहे का, आम्ही पुण्यात बसून तळमळतो. क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये एअर २७ म्हणून मालिका आहे, त्यात प्रत्येक स्क्वॉड्रनचं रोजचं दफ्तर आहे. फॉर्म ५४० म्हणजे दिवसाचा गोषवारा आणि ५४१ मध्ये कोण कुठल्या विमानातून किती वाजता उडाला आणि किती वाजता उतरला. बरंचसं घरबसल्या डाउनलोड होतं. वहीतली चार उड्डाणं घ्या, तारीख आणि वेळ या दफ्तराशी जुळवा. चारपैकी तीन जुळली आणि चौथ्यात पाच मिनिटांचा फरक निघाला तर मला आनंदच होईल, खरी माणसं पाच मिनिटं चुकतात. अक्षरन् अक्षर जुळलं तर उलट पुन्हा विचार करा की हे दफ्तर बघूनच तर लिहिलं नाही ना.

आता टेक्सासच्या बाई, आणि पत्र वाचून मला वाटलं की तुम्ही त्यांना घाबरलाय, चोर पकडल्यासारखं. अहो, तुमच्या सगळ्या गोंधळात त्या एकट्याच साक्षीदार आहेत! युद्धानंतर ही मेडल्स घरपोच आपोआप आली असं बहुतेकांच्या बाबतीत झालं नाही, माणसानं अर्ज करायचा, मग पुठ्ठ्याच्या छोट्या डबीत पोस्टानं यायची, आत कुठली मेडल्स मिळाली त्याची छापील चिठ्ठी. हजारो लोकांनी अर्ज केलाच नाही. अमेरिकन पोरं तर तोवर स्वतःच्या देशाच्या युनिफॉर्ममध्ये घरी गेलेली, त्यातल्या कितीजणांनी ब्रिटनला कागद पाठवला असेल? तेव्हा त्या बाईंना पहिला प्रश्न हा विचारा की घरात कधी अशी डबी, अशी चिठ्ठी, अशी मेडल्स होती का, आणि होती तर गेली कुठे.

आता बघा काय होतं. त्या म्हणाल्या की मेडल्स आईच्या कपाटात आहेत, तर तुमचा सेट कुणीतरी बाजारातून जमवून मामाचं नाव चिकटवलेला, विषय संपला. त्या म्हणाल्या कधीच आली नव्हती, तर त्यांना सांगा की न मागितलेली मेडल्स जवळच्या वारसाला अजूनही ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाच्या मेडल ऑफिसकडे अर्ज करून मागता येतात, सर्वात जवळचा वारस त्याच आहेत का ते त्यांनाच माहीत. तिथून त्यांना मामाची खरीखुरी मेडल्स मिळतील, तुमच्या चिंच लावलेल्या स्टारपेक्षा कधीही चांगली, आणि तुमच्यावरचं ओझं गेलं. आणि तिथून उत्तर आलं की ही तर पूर्वीच दिलेली आहेत, किंवा बाईच म्हणाल्या की हो, होती, घर विकताना सामानात गेली, तर मग साताराकर, पहिल्यांदाच तुमच्या सेटला काही आधार मिळतो. तिन्हीतलं काहीही झालं तरी तुम्हाला आजच्यापेक्षा जास्त कळलेलं असेल.

द्यायची का? या शेवटच्या शक्यतेत मी म्हणेन द्या, पण फुकट द्या असं नाही म्हणणार. तुम्ही चोरी केलेली नाही, पैसे मोजलेत. त्यांना सरळ लिहा की एवढ्याला घेतली, कधी विकायची झाली तर पहिलं तुम्हाला विचारीन, आणि वही घेतलीच तर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक पान स्कॅन करून पाठवीन. बहुतेक घरच्यांना खरं ते स्कॅनच हवं असतं. मामा रोज काय करत होता, कोणाबरोबर उडत होता, हे त्या घरात कुणालाच माहीत नसतं, कारण तो गप्प राहिलेला. अमेरिका तटस्थ असताना परक्या राजासाठी लढायला जायचं म्हणजे नागरिकत्व जायची भीती, म्हणून ही पोरं कॅनडाची सीमा कसली कसली कारणं सांगून ओलांडायची, घरी खरं सांगूनच निघाली असतील असं नाही. त्या बाईंकडे उलट फोटो असतील, पत्रं असतील, आणि युद्धातल्या अमेरिकन युनिफॉर्ममधल्या एखाद्या फोटोत उजव्या छातीवर आरएएफचे पंख दिसले तर तुमचा निम्मा अभ्यास तिथेच झाला, कारण बदली झालेल्या ईगलवाल्यांना ते तसे लावायची परवानगी होती.

एक बारीक गोष्ट, तुम्ही विचारली नाहीत पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसली. दिवाळी पार्टीत तुम्ही ते स्टार कोटावर लावलेत. करू नका राव. इंग्लंडमध्ये घरचे लोकसुद्धा आजोबांची मेडल्स उजव्या बाजूला लावतात, डावी बाजू ज्यानं कमावली त्याची. तुमचं तर नातंही नाही.

आणि पुढचं विचाराल तर ईगलच्या मागे इतकं धावू नका, तिथे नाव मोठं म्हणून नकला मोठ्या. फ्लाइंग टायगर्सचं, म्हणजे चीनसाठी लढलेल्या अमेरिकन पायलटांचं, तर बोलायलाच नको, ते चिनी झेंड्याचं आणि चिनी मजकुराचं कापड जॅकेटच्या पाठीवर शिवायचे, खाली पडलो तर मदत करा म्हणून, त्याची दर दुसरी प्रत कालपरवा शिवलेली. पहिल्या महायुद्धाकडे वळा, नावं कोरलेली असतात. त्या युद्धात ब्रिटिश हवाई दलात आपल्याकडची चार पोरं होती, हे ऐकलंय ना? हरदित सिंग मलिक यांना आधी ब्रिटिश घेईनात म्हणून ते फ्रेंचांच्या हवाई दलात जायला निघाले होते, मग कुठे १९१७ ला ब्रिटिशांचं दार उघडलं. इंद्रलाल रॉय यांनी दहा विमानं पाडली, वय १९, २२ जुलै १९१८ ला गेले, डीएफसी त्यानंतर जाहीर झालं. आणि चौघांतले एक आपल्या मुंबईचे, श्रीकृष्ण वेलिणकर. २३ स्क्वॉड्रन, सॉपविथ डॉल्फिन विमान, जून १९१८ मध्ये फ्रान्सवर पडले आणि तिथेच हांगार गावाच्या दफनभूमीत आहेत. यांची मेडल्स तुमच्या-माझ्या हाती लागायची नाहीत, लागूही नयेत, पण नॉटिंगहॅमहून हांगारला गाडीनं एका दिवसात जाता येतं, घरच्यांनाही घेऊन जा. बायकोचा या छंदावरचा राग थोडा कमी होईल असा माझा अंदाज, छंद म्हणजे फक्त कपाटातली जागा नाही हे एकदा दिसलं की.

पैशांचं राहिलं. पट्टी खोटी चढवलेली आहे हे तारखांवरून उघड आहे, म्हणजे वर्णनाप्रमाणे वस्तू नाही, परतावा मागायचा तुमचा हक्क आहे, कार्डानं दिले असतील तर कार्डवाल्यांकडेही तक्रार करता येते. पण आत्ता लगेच त्याच्याशी भांडू नका. त्याला अजून वाटतंय की तुम्ही भोळे आहात आणि वही घेणार आहात. आधी गोड बोलून सप्टेंबर ४२ चं पान मागवा, आणि ही वही त्याच्याकडे कुठून आली तेही विचारा, लेखी, मेलवर. ते उत्तर बाईंना पाठवा. पट्टीचा विषय त्यानंतर काढा.